मॉनिटर एक, कॉम्प्युटर दोन: आधी मागचं निळं टोपण काढा

परभणीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. पुण्याच्या कंपनीचं काम त्या घरून करतात. कंपनीनं दिलेला लॅपटॉप १४ इंची आहे आणि एक्सेलचे आकडे बघून डोळे दुखतात. धाकटा भाऊ बारावीला, त्याच्यासाठी वापरलेला, कंपन्यांतून निघालेला डेस्कटॉप घेतलाय. २४ इंची मॉनिटर घरात एकच. त्याच्या मागे चित्राची केबल लावायची दोन भोकं: एक एचडीएमआय आणि एक व्हीजीए. डेस्कटॉपला व्हीजीए आहे आणि दोन डिस्प्लेपोर्ट. विकणाऱ्यानं सोबत डिस्प्लेपोर्ट-ते-एचडीएमआय अशी केबल दिली, त्यामुळे दोघंही मॉनिटरच्या त्या एकाच एचडीएमआय भोकाच्या मागे लागलेत. सकाळी भाऊ लावतो, दहाला ताई काढतात, संध्याकाळी परत भाऊ. एका दुकानदारानं "हे घ्या, काम होईल" म्हणून स्प्लिटर दिला, पण चित्रच येत नाही. दुसरा म्हणाला केव्हीएम स्विच घ्या, म्हणजे पडदा, की-बोर्ड आणि माउस एकदम बदलणारी डबी. कंपनीच्या लॅपटॉपवर कुठलंही सॉफ्टवेअर टाकायला परवानगी नाही. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहावं तसं त्यांनी लिहिलंय: "केबल बदलताना कधी कधी हाताला झिणझिण्या येतात, ते चालतं ना?"

नाही ताई, ते चालत नाही. म्हणून तुमच्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करतो. बाकीचं सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम आहे.

लातुरात माझं दुरुस्तीचं दुकान वीस-बावीस वर्षं झाली. टेबलावर येणाऱ्या मेलेल्या एचडीएमआय पोर्टांची कहाणी बहुतेक वेळा सारखीच असते: "कालपर्यंत चालू होतं, केबल काढून लावली आणि गेलं." माणूस केबलला दोष देतो, दुकानदार मॉनिटरला. मी आधी विचारतो, "घरी हात लागला की झिणझिणतं का?" समोरचा हसतो आणि म्हणतो, "हां, तेवढं थोडं करंट मारतंय, त्याचं काय!"

त्याचं असं. डेस्कटॉपच्या पॉवर सप्लायमध्ये आणि लॅपटॉपच्या बऱ्याच अडॅप्टरमध्ये विजेतला कचरा गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर असतात. फेजपासून एक, न्यूट्रलपासून एक, आणि दोघांचं दुसरं टोक कॅबिनेटच्या पत्र्याला. अर्थिंग धड असेल तर तिथून पाझरणारा किरकोळ करंट जमिनीत जातो, कुणाला कळतही नाही. अर्थिंग मेलेलं असेल तर तो पत्रा अधांतरी लटकतो, २३० च्या निम्म्यावर, म्हणजे सव्वाशेला थोडा कमी इतक्या व्होल्टवर. करंट इवलासा म्हणून माणसाला फक्त झिणझिण्या. पण एचडीएमआयच्या आतली चिप पाच व्होल्टच्या दुनियेत राहणारी. तुम्ही चालू लॅपटॉपची केबल चालू मॉनिटरमध्ये खुपसता, दोघांच्या पत्र्यांत तो फरक असतो, आणि टेकण्याच्या त्या क्षणी तो चिपमधून वाट काढतो. रोज दोनदा केबल बदलणं म्हणजे रोज दोनदा हा जुगार. केबल बदलणं बंद करायचं ते आळसासाठी नाही, यासाठी.

आपल्याकडं यात आणखी एक भानगड आहे. काळी जमीन उन्हाळ्यात आक्रसते, भेगा पडतात, आणि अर्थिंगच्या नळीभोवतीची माती नळीला सोडून मागं सरकते. घर बांधताना मीठ-कोळसा घालून केलेलं चांगलं अर्थिंगसुद्धा एप्रिल-मेमध्ये निकामी झालेलं असतं, आणि मृगाचे दोन पाऊस पडले की आपोआप "दुरुस्त" होतं. लोकांना वाटतं कॉम्प्युटरच नीट झाला. खड्ड्याचं झाकण उघडून आठ-पंधरा दिवसाला एक-दोन बादल्या पाणी ओतलं तरी लई फरक पडतो. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी येत होतं, तेव्हा "अर्थिंगला पाणी घाला" असं तोंडातून निघायचं नाही. भांडी विसळलेलं पाणी चालतं, असं सांगायचो. चालतंच ते.

तेव्हा वायरमनला बोलवा आणि कॉम्प्युटरच्या बोर्डावरचं अर्थिंग तपासून घ्या. फक्त मीटर लावून "२३० दाखवतंय, ठीक आहे" असं तो म्हणाला तर थांबवा. मीटरला करंट जवळजवळ लागतच नाही, त्यामुळे कमजोर अर्थिंगही मीटरवर धडधाकट दिसतं. जुने वायरमन फेज आणि अर्थच्या मध्ये १०० वॅटचा बल्ब लावून बघतात. बल्ब पूर्ण पेटला तर अर्थिंगमध्ये दम आहे, मिणमिणला तर खड्ड्याकडं बघा. घरात आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईट तोडणारी डबी असेल तर या परीक्षेत ती पडणारच, घाबरू नका. पण ही परीक्षा त्याच्याच हातून, तुम्ही करू नका. आणि झिणझिण्या नाहीत, सरळ झटका बसत असेल तर प्रकरण वेगळं आहे. तिथं कुठंतरी फेजच पत्र्याला लागलाय. मेन बंद करायचं आणि वायरमन येईपर्यंत हात लावायचा नाही.

डेस्कटॉप, मॉनिटर आणि लॅपटॉपचा अडॅप्टर हे तिन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या, म्हणजे तिघांचं अर्थिंग एकच राहील. एक या भिंतीवर, दुसरा पलीकडच्या खोलीतून ओढलेल्या वायरवर, असं नको. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कुणी कापली असेल किंवा दोन पिनांचा जोड लावला असेल तर तो आजच फेका. आणि केबल जोडायचीच असेल तेव्हा तिन्हींची बटणं बंद करून जोडा.

आता चित्राकडं.

स्प्लिटरचं कोडं आधी सोडवू. स्प्लिटर म्हणजे एक पाइप आत, दोन बाहेर: एका कॉम्प्युटरचं चित्र दोन पडद्यांवर. तुम्हाला हवंय उलटं, दोन आत आणि एक बाहेर. त्याला एचडीएमआय स्विच म्हणतात. दोन्ही डब्या दिसायला सारख्याच, दोन्हींना तीन भोकं, आणि काउंटरवरच्या पोराला फरक माहीत असेलच असं नाही. स्प्लिटर उलटा जोडून काम होत नाही. डबीवर "इनपुट" किती आणि "आउटपुट" किती छापलंय ते वाचूनच घ्यायचं. काही स्वस्त स्विच दोन्ही दिशांनी चालतात, त्यांना वेगळी वीजही लागत नाही, फक्त वर एक बटण असतं. तुम्हाला दिलेली डबी त्यातली नाही, हे चित्र न येण्यावरून दिसतंच आहे.

पण तुम्हाला तोही नको. मॉनिटरच्या मागे निळं, १५ छिद्रांचं व्हीजीए पोर्ट आहे, बहुतेक त्यावर प्लॅस्टिकचं टोपण अजून तसंच असेल. ते काढा. डेस्कटॉपच्या मागेही तसंच निळं पोर्ट आहे. साधी व्हीजीए केबल घ्या, कुणाच्यातरी माळ्यावर पडलेलीच असते. डेस्कटॉप व्हीजीएवर, लॅपटॉप एचडीएमआयवर, दोन्ही केबली कायमच्या. बदलायचं असेल तेव्हा मॉनिटरच्या कडेचं "इनपुट" किंवा "सोर्स" बटण दाबायचं. झालं. मॉनिटरच्या पोटात दोन इनपुटांचा स्विच कंपनीनंच बसवलेला असतो, आपण बाहेरून दुसरा विकत घ्यायला निघतो.

"पण व्हीजीए जुनं नाही का?" जुनं आहेच. आयबीएमनं ते १९८७ साली आणलं, म्हणजे तुमच्या भावाच्या जन्माच्या कितीतरी आधी. ते अ‍ॅनालॉग आहे, म्हणून अक्षरांच्या कडा एचडीएमआयइतक्या धारदार येत नाहीत. त्यामुळेच कुणाला कुठलं द्यायचं हे ठरवून द्या: बारीक आकडे वाचणाऱ्या ताईंना एचडीएमआय, फळ्यावरचं लेक्चर बघणाऱ्या भावाला व्हीजीए. १९२० बाय १०८० ला व्हीजीए आरामात चालतं. चित्र जरा सरकलेलं किंवा अक्षरं थरथरल्यासारखी वाटली तर एक्सेलची रिकामी, रेघांची शीट पूर्ण पडद्यावर उघडा आणि मग मॉनिटरचं "ऑटो" किंवा "ऑटो अ‍ॅडजस्ट" दाबा. नुसत्या निळ्या वॉलपेपरवर दाबलं तर मॉनिटरला जुळवायला धरायला काही सापडत नाही, आणि लोक म्हणतात ऑटोनं काही होत नाही.

व्हीजीए केबल घेताना तोंडाकडं बघा. १५ पैकी १४ पिना दिसल्या तर ती खराब नव्हे, नऊ नंबरची पिन बऱ्याच केबलींत मुळातच नसते. पण अगदी स्वस्तातल्या काही केबलींत १२ आणि १५ नंबरच्या पिनांच्या वायरीच नसतात. मॉनिटर आपली ओळख, म्हणजे मी कोण, माझं रिझोल्यूशन किती, हे याच वाटेनं सांगतो. ती वाट नसली की विंडोज अंदाजानं १०२४ बाय ७६८ धरून बसतं आणि सगळं फुगलेलं दिसतं. भाऊ म्हणेल "ड्रायव्हर गेला", पण ड्रायव्हरचा काही संबंध नसतो. केबल बदलून बघा.

डेस्कटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलं असेल तर केबल कार्डाच्या पोर्टाला लावायची, मदरबोर्डाच्या नाही. तुमच्या डेस्कटॉपला दोन डिस्प्लेपोर्ट आणि व्हीजीए एकाच ओळीत असतील तर कार्ड नाही, चिंता नको.

दोन्ही केबली लावून झाल्या की खरी गंमत सुरू होते. मॉनिटर वाटून घेणं सोपं, पण नंतर तीन गोष्टींवरून भांडणं होतात आणि त्यासाठी लोक मला फोन करतात.

पहिली: आवाज गेला. एचडीएमआयमधून आवाजही जातो. लॅपटॉपला मॉनिटर दिसला की विंडोज आवाज मॉनिटरकडं पाठवतं, आणि तुमच्या मॉनिटरला स्पीकर नसेल तर मीटिंगमध्ये सगळे मुके. कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करून आउटपुट लॅपटॉपचे स्पीकर किंवा हेडफोन निवडा. व्हीजीएमधून आवाज जातच नाही, त्यामुळे भावाला ही अडचण नाही.

दुसरी: खिडकी हरवली. हे नीट समजून घ्या, कारण यात कुणाचीच चूक नसते. तुम्ही बटण दाबून मॉनिटर भावाच्या कॉम्प्युटरवर नेला, तरी तुमच्या लॅपटॉपच्या लेखी केबल जोडलेलीच आहे. बऱ्याच मॉनिटरांत न दिसणाऱ्या इनपुटवरही "मी इथं आहे" हा इशारा चालू राहतो. मग लॅपटॉप आपल्या जागी प्रामाणिक असतो: तुम्ही उघडलेली फाइल त्या दुसऱ्या पडद्यावर उघडतो, जिथं आत्ता भौतिकशास्त्राचं लेक्चर चालू आहे. माउसही तिकडं जाऊन गायब. अशा वेळी विंडोजचं बटण धरून पी दाबा आणि फक्त लॅपटॉपचा पडदा निवडा. सगळ्या खिडक्या परत येतात. एखादीच आणायची असेल तर तिला टास्कबारवरून पुढं घ्या आणि विंडोज, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण दाबा. मॉनिटर परत तुमच्याकडं आला की पुन्हा विंडोज-पी, आणि "एक्सटेंड". हे दोन दिवसांत बोटांना सवयीचं होतं. विंडोज ११ मध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये मॉनिटर जोडल्यावर खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवण्याचा पर्याय आहे, तो चालू ठेवा.

तिसरी: मॉनिटर आपल्या मनानं पळतो. ताईंचा लॅपटॉप पाच मिनिटं झोपला की मॉनिटर सिग्नल शोधत भावाकडं जातो, नाहीतर उलटं. मॉनिटरच्या मेनूत "ऑटो सोर्स" किंवा "ऑटो इनपुट" असं काहीतरी असतं. ते बंद करा, म्हणजे सांगितल्याशिवाय तो हलणार नाही. एकच कॉम्प्युटर एका वेळी चालू राहणार असेल तर मात्र ते चालूच ठेवा, बटणाचीही गरज नाही.

आता की-बोर्ड आणि माउस. माझं मत विचाराल तर आधी दोन संच ठेवून बघा. भावाच्या डेस्कटॉपला वायरचा की-बोर्ड आहेच, तुमच्या लॅपटॉपला त्याचा स्वतःचा की-बोर्ड आहे. तुम्हाला फक्त एक माउस लागेल. टेबल लहान असेल तर भावाचा की-बोर्ड तुमच्या वेळेत मॉनिटरखाली सरकवा. निलंगा भागातल्या एका गिऱ्हाइकानं एकच की-बोर्ड पाहिजे म्हणून सगळी जोडणी करून घेतली होती. आठ दिवसांनी आला आणि म्हणाला, "साहेब, पडदा बदलला पण की-बोर्ड बदलायचा राहिला, पोरानं मित्राला लिहिलेलं माझ्या क्लायंटला गेलं." पडद्याचं बटण वेगळं आणि की-बोर्डचं वेगळं असलं की हे कधीतरी होणारच.

तरी एकच संच हवा असेल तर दोन-तीन यंत्रांशी जोडता येणारे ब्लूटूथ की-बोर्ड मिळतात, त्यावर १-२-३ अशी बटणं असतात. लॉजिटेकसारख्या कंपन्यांचे आहेत. पण वापरलेल्या ऑफिसच्या डेस्कटॉपना बहुतेक वेळा ब्लूटूथ नसतं. त्यासाठी ज्यासोबत छोटा यूएसबी रिसीव्हरही येतो असा घ्या. रिसीव्हर डेस्कटॉपला, ब्लूटूथ लॅपटॉपला. तो रिसीव्हर डेस्कटॉपच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टाच्या अगदी शेजारी खुपसू नका. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच येतो आणि माउस अडखळतो. फूटभराच्या एक्स्टेन्शन केबलीनं पुढं आणून लावला की माउस सुतासारखा सरळ.

दुसरा रस्ता यूएसबी स्विचचा. ही छोटी डबी असते, दोन केबली दोन कॉम्प्युटरना, आणि की-बोर्ड, माउस, हवा असेल तर प्रिंटरही डबीला. बटण दाबलं की सगळं या बाजूचं त्या बाजूला, ओळखायला दोन-तीन सेकंद लागतात. यात सॉफ्टवेअर काहीच नाही, त्यामुळे कंपनीच्या लॅपटॉपवरही चालतं. काही कंपन्या यूएसबीला कुलूप लावतात, पण ते पेनड्राइव्हसारख्या वस्तूंना. की-बोर्ड-माउस बहुतेक ठिकाणी चालतात. तरी घेण्याआधी साधा की-बोर्ड लॅपटॉपला लावून बघा, पाच सेकंदांत कळेल.

केव्हीएम म्हणजे हीच डबी, पण पडद्यासकट: की-बोर्ड, व्हिडिओ, माउस एकाच बटणावर. निलंग्याच्या त्या गिऱ्हाइकासारखी गफलत यात होत नाही. तुमच्याकडं डिस्प्लेपोर्ट-ते-एचडीएमआय केबल आहेच, तेव्हा दोन एचडीएमआय आत घेणारा केव्हीएम लगेच बसेल. साधारण दीड-दोन हजारांपासून पुढं मिळतो. पण स्वस्तातला घेतला तर त्याची एक खोड आहे. बटण दाबलं की मागं राहिलेल्या कॉम्प्युटरला वाटतं मॉनिटर उपटूनच नेला. तो सगळ्या खिडक्या गोळा करून लहान पडद्यावर कोंबतो, आणि परत आलात की आयकॉन इकडचे तिकडं. चांगल्या केव्हीएममध्ये मॉनिटरची ओळख आतच धरून ठेवण्याची सोय असते, तिला ईडीआयडी एम्युलेशन म्हणतात. डबीवर हे शब्द नसतील तर मी पैसे घालणार नाही. रोज आठ-दहा वेळा अदलाबदल करणाऱ्यालाच केव्हीएमचा फायदा आहे. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा बदलणाऱ्यानं कशाला घ्यायचा? तुम्ही दुसऱ्यातल्या.

मॉनिटरचं बटण मागे हात घालून चाचपडावं लागतं, अशी बऱ्याच जणांची तक्रार असते. त्यावर एक छान युक्ती आहे, तीही फुकट. मॉनिटरला केबलीतूनच हुकूम देता येतात, त्या व्यवस्थेला डीडीसी/सीआय म्हणतात. मॉनिटरच्या मेनूत ती चालू आहे का बघा. भावाच्या डेस्कटॉपवर निरसॉफ्टचं कंट्रोल माय मॉनिटर हे छोटं, फुकट सॉफ्टवेअर टाका. लिनक्स असेल तर डीडीसीयुटिल. त्यात ६० नंबरचा कोड म्हणजे इनपुट: किंमत १ दिली की व्हीजीए, १७ दिली की पहिला एचडीएमआय, १५ म्हणजे पहिला डिस्प्लेपोर्ट. काही मॉनिटर स्वतःचेच आकडे वापरतात, तेव्हा त्या रकान्यात आधी काय दिसतंय ते वाचा. त्याचा शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवला की दोन क्लिकमध्ये मॉनिटर ताईंकडं. तुमच्या लॅपटॉपवर काही टाकायचं नाही, त्यामुळे तुम्हाला परत द्यायचा असेल तर बटणच. काही मॉनिटर न दिसणाऱ्या इनपुटवरूनही हुकूम ऐकतात. तुमचा ऐकत असेल तर भाऊ पलीकडून स्वतःच ओढून घेईल. हे घरात शांततेचं आहे का, ते तुम्ही ठरवा.

पडदा भावाला देण्याआधी विंडोज आणि एल दाबून लॅपटॉपला कुलूप लावायची सवय करा. कंपनीचं काम आहे.

असाच प्रश्न घेऊन येणारे आणखी दोन गोष्टी हमखास विचारतात. एक, जुन्या लॅपटॉपचा पडदा डेस्कटॉपला मॉनिटर म्हणून लावता येईल का? त्याला एचडीएमआय आहे की! आहे, पण ते फक्त बाहेर जाण्याचं दार आहे, आत यायचं नाही. दोन लॅपटॉप एचडीएमआयनं एकमेकांना जोडून काहीच होत नाही. दोन, कन्व्हर्टर. एचडीएमआय-ते-व्हीजीए आणि व्हीजीए-ते-एचडीएमआय या दोन वेगवेगळ्या वस्तू आहेत, चित्र कुठून कुठं जातंय ते दुकानात मोठ्यानं सांगूनच घ्या. तेच डिस्प्लेपोर्टचं. तुमची केबल डेस्कटॉपच्या डिस्प्लेपोर्टातून मॉनिटरच्या एचडीएमआयला चालते, पण लॅपटॉपच्या एचडीएमआयमधून डिस्प्लेपोर्टच्या मॉनिटरला ती उलटी लावून चालणार नाही. त्याला वेगळा, वीज घेणारा कन्व्हर्टर लागतो. आणि टाइप-सी असलेल्या प्रत्येक लॅपटॉपमधून चित्र निघतंच असं नाही. पोर्टाशेजारी डीसारखं किंवा थंडरबोल्टचं, कडाडत्या विजेच्या बाणासारखं चिन्ह आहे का ते आधी बघा. वायरलेसनं चित्र पाठवण्याबद्दल मी बोलतच नाही. टीव्हीवर सिनेमा बघायला ठीक, पण माउस अर्धा सेकंद मागं चालायला लागला की एक्सेल फेकून द्यावंसं वाटतं.

राहता राहिली लाईट. डेस्कटॉपला यूपीएस असतो आणि मॉनिटर थेट बोर्डावर, हे दहापैकी सात घरांत दिसतं. लाईट गेली की कॉम्प्युटर चालू, पडदा काळा, आणि फाइल सेव्ह कशी करायची? २४ इंची एलईडी मॉनिटर वीस-पंचवीस वॅटच घेतो, तोही यूपीएसवर घ्या. घरात इन्व्हर्टर असेल तर दोन्ही त्याच्यावर. लाईट येता-जाता काही मॉनिटर आपलं शेवटचं इनपुट विसरून पहिल्यावर जातात, तसं झालं तर बिघाड समजू नका. अवकाळीच्या दिवसांत, एप्रिल-मेच्या संध्याकाळी ढग गडगडायला लागले की मात्र सगळे प्लग ओढून काढा. यूपीएसचं बटण बंद करून भागत नाही. ब्रॉडबँड तांब्याच्या वायरनं येत असेल तर तीही काढा. विजेनं गेलेले बोर्ड मी दरवर्षी बघतो, त्यातले बरेचसे राऊटरच्या वाटेनं आत शिरलेले.

आणि तो स्प्लिटर. दुकानदार परत घेत असेल तर द्या. घेत नसेल तर ठेवा. भावाचं लेक्चर घरातल्या टीव्हीवर आणि मॉनिटरवर एकदमच दाखवायचं असेल, तर डेस्कटॉपची डिस्प्लेपोर्टची केबल त्याच्या आत लावा आणि बाहेरून दोन एचडीएमआय केबली दोन पडद्यांना. तेवढ्यापुरती तुमची केबल काढावी लागेल, तेव्हा सगळं बंद करूनच. दोन पडद्यांचं रिझोल्यूशन वेगळं असेल तर दोन्हीवर लहानातलंच येईल, तेवढं लक्षात ठेवा.